अफगाण शांतता वाटाघाटींतील स्त्रियांच्या सहभागाने नेमके काय साधले?

अनघा (प्रश्न)

सप्टेंबर २०२० मध्ये कतारची राजधानी दोहा येथे अफगाण प्रजासत्ताकाचे सरकार आणि तालिबान यांच्यात थेट वाटाघाटी सुरू झाल्या. सरकारच्या २१ जणांच्या पथकात हबीबा सराबी, फौजिया कूफी, फातिमा गैलानी आणि शरीफा झुरमती या चार स्त्रिया होत्या. समोरच्या तालिबानी पथकात अर्थातच एकही नव्हती. वर्ष पुरे होण्याआधीच, १५ ऑगस्ट २०२१ रोजी, काबूल तालिबानच्या ताब्यात गेले आणि ती बोलणी काहीही निष्पन्न न होता संपली.

या चौघींविषयी जे लिहिले जाते, त्यात मला प्रामुख्याने दोनच सूर आढळतात. त्यांची नेमणूक हा मदत देणाऱ्या देशांना दाखवण्यापुरता देखावा होता, असे काहीजण म्हणतात. तर तालिबानच्या नेत्यांसमोर अफगाण स्त्रिया बरोबरीच्या नात्याने बसल्या हेच मोठे यश होते, असे इतर म्हणतात. पहिले मत मांडणाऱ्यांनी या स्त्रियांच्या पूर्वायुष्याची दखल घेतलेली दिसत नाही. सराबी २००५ मध्ये बामियान प्रांताच्या राज्यपाल झाल्या आणि देशातील पहिल्या स्त्री राज्यपाल ठरल्या; २०१३ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गैलानी यांनी सोव्हिएत फौजांविरुद्धच्या लढ्याच्या काळात लंडनमधून मुजाहिदीनांची बाजू मांडली होती आणि पुढे अनेक वर्षे त्या अफगाण रेड क्रेसेंटच्या अध्यक्ष होत्या. अशा व्यक्ती केवळ शोभेला बसतील, हे पटत नाही. दुसरे मत मात्र मला भाबडे वाटते, कारण बरोबरीने बसून पदरात काय पडले, हे त्यात विचारलेच जात नाही.

म्हणून जाणकारांना विचारावेसे वाटते, की या स्त्रियांना निर्णयावर प्रभाव टाकण्यास खरोखर कितपत वाव होता, आणि २००१ पासूनच्या वीस वर्षांत तो वाव वाढत गेला की आकुंचत गेला? तसेच राजधानीबाहेर, खेड्यापाड्यांतील तंटे मिटवण्याच्या कामात स्त्रियांचे काही स्थान होते काय? ऑगस्ट २०२१ नंतरच्या बंदीहुकुमांची यादी येथे पुन्हा देऊ नये, ती सर्वांना ठाऊक आहे.

निशिकांत

आपल्या प्रश्नाचे उत्तर सप्टेंबर २०२० च्या बैठकीत शोधण्यापेक्षा त्याच शहरात सहा महिने आधी झालेल्या करारात शोधावे, असे माझे मत आहे. २९ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेचे विशेष दूत झल्मे खलीलझाद आणि तालिबानचे मुल्ला अब्दुल गनी बरादर यांनी ज्या करारावर सह्या केल्या, त्यात परकीय सैन्य १४ महिन्यांत माघारी नेण्याचे वेळापत्रक होते, सरकारच्या तुरुंगांतील ५,००० पर्यंत तालिबानी कैदी आणि तालिबानच्या ताब्यातील १,००० पर्यंत लोक सोडण्याची तरतूद होती, आणि अफगाण भूमीवरून अमेरिकेला धोका पोहोचू न देण्याची हमी होती. अफगाण सरकार या करारात पक्षकार नव्हते, आणि स्त्रियांचा तर त्यात कोठे उल्लेखच नाही. जे कैदी सोडायचे होते ते काबूलच्या तुरुंगांत होते, म्हणजे देणे काबूलने द्यायचे होते आणि सौदा दुसऱ्याने ठरवला होता.

चौघी दोहाला पोहोचल्या तेव्हा सैन्यमाघारीची तारीख ठरलेली होती आणि कैदी जवळजवळ सर्व सुटलेले होते. ज्या दोन गोष्टींच्या बदल्यात तालिबानकडून काही मागता आले असते, त्या दोन्ही आधीच देऊन झाल्या होत्या. त्या पथकातील पुरुषांच्या हातीही काही उरले नव्हते, हे लक्षात घेतले नाही तर सगळा दोष स्त्रियांच्या 'प्रतीकात्मक' सहभागावर येतो, आणि ते अन्यायाचे आहे. १२ सप्टेंबरला सुरू झालेल्या या बोलण्यांत केवळ कामकाजाचे नियम ठरवण्यास २ डिसेंबर उजाडला. मतभेद झाल्यास कौल केवळ हनफी (सुन्नी पंथीयांच्या) धर्मशास्त्रानुसार द्यायचा काय, आणि अमेरिकेशी झालेला करार हाच या चर्चेचा पाया मानायचा काय, या दोन मुद्द्यांवर घोडे अडले होते. त्यांपैकी पहिला मुद्दा शिया पंथीयांच्या आणि पर्यायाने बहुसंख्येने शिया असलेल्या हजारा समाजाच्या जिव्हाळ्याचा होता. स्त्रियांच्या हक्कांचा विषय पटलावर येण्याइतकी ती चर्चा पुढे सरकलीच नाही.

वीस वर्षांत वाव वाढला की आकुंचला, याविषयी सांगायचे तर कायद्यातील वाव वाढला आणि तहाच्या बोलण्यांतील वाव वाढला नाही. डिसेंबर २००१ मध्ये जर्मनीतील बॉन येथे पुढील राज्यव्यवस्था ठरली तेव्हा प्रतिनिधींमध्ये स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. जून २००२ च्या आपत्कालीन लोया जिरगात (देशभरच्या प्रतिनिधींच्या महासभेत) सुमारे दीड हजार प्रतिनिधींमध्ये जवळपास २०० स्त्रिया होत्या, आणि मसूदा जलाल यांनी तेथे हमीद करझाई यांच्याविरुद्ध प्रमुखपदाची निवडणूक लढवली. २००४ च्या राज्यघटनेने कलम २२ मध्ये स्त्री-पुरुषांना समान हक्क दिले आणि कलम ८३ ने कनिष्ठ सभागृहात प्रत्येक प्रांतामागे सरासरी दोन स्त्रिया असाव्यात अशी तरतूद केली. त्यातून २४९ पैकी ६८ जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या. ही सारी प्रगती निवडणुकीच्या राजकारणातली होती. युद्ध कोणत्या अटींवर थांबवायचे हे जेथे ठरत होते, तेथे असे कोणतेही बंधन नव्हते. २०१० मध्ये तालिबानशी सलोख्यासाठी उच्च शांतता परिषद स्थापन झाली, तिच्या ७० सदस्यांत स्त्रिया होत्या ९, आणि परिषदेवर वर्चस्व होते ते जुन्या मुजाहिदीन नेत्यांचे. ऑक्सफॅम या संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २००५ नंतर सरकार आणि तालिबान यांच्यात झालेल्या ज्ञात २३ अनौपचारिक फेऱ्यांपैकी केवळ दोन प्रसंगी सरकारच्या बाजूने स्त्री हजर होती, आणि तालिबानशी परकीय प्रतिनिधींनी केलेल्या बोलण्यांत तर अफगाण स्त्री एकदाही नव्हती.

आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. आरंभी अमेरिकेची भूमिका अशी होती, की तालिबानने हिंसा सोडावी, अल-कायदाशी संबंध तोडावेत आणि स्त्रियांच्या हक्कांसह राज्यघटना मानावी, मग बोलू. फेब्रुवारी २०११ मध्ये परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी याच तीन गोष्टींना बोलण्यांचा अपेक्षित शेवट म्हटले. जी चर्चेपूर्वीची अट होती, ती चर्चेतून साधायची गोष्ट झाली. २०२० पर्यंत तिचेही रूपांतर 'अफगाणांनी आपापसांत ठरवावे' यात झाले. लक्ष्मणरेषा अशी दोनदा मागे सरकली आणि दोन्ही वेळी ती सरकवताना अफगाण स्त्रियांना कोणी विचारले नाही. मग ती पूर्वीच्या जागी आणून ठेवण्याची जबाबदारी चार स्त्रियांवर टाकण्यात आली आणि त्यांना ते जमले नाही म्हणून त्यांचा सहभाग निरर्थक ठरवला गेला, हे मला विलक्षण वाटते.

मृण्मयी

निशिकांत यांनी सौद्याचे गणित अचूक मांडले आहे, परंतु त्यांच्या मांडणीत या स्त्रिया फक्त इतरांनी आखलेल्या पटावर येऊन बसतात. वस्तुस्थिती तशी नव्हती. त्या बैठकीत पोहोचण्यासाठी त्यांना स्वतःच्याच बाजूशी अनेक वर्षे झगडावे लागले होते, आणि तो झगडा दोहाइतकाच महत्त्वाचा आहे.

'सलोखा' या गोष्टीचा काबूलमधील सत्ताधाऱ्यांनी काय अर्थ लावला ते पाहा. २००७ मध्ये संसदेने राष्ट्रीय सलोखा आणि सर्वसाधारण माफीचा कायदा मंजूर केला. त्याआधीच्या यादवीत ज्यांच्यावर कत्तली आणि अत्याचारांचे आरोप होते, त्यांच्यापैकी कित्येकजण स्वतः त्या संसदेत बसले होते आणि त्यांनी स्वतःलाच माफी देऊन टाकली. याला ज्यांनी ठाम विरोध केला त्यांत स्वतंत्र मानवाधिकार आयोगाच्या अध्यक्ष सीमा समर होत्या. आयोगाने २००५ मध्ये देशभरातील हजारो लोकांशी बोलून तयार केलेल्या अहवालात गुन्ह्यांची जबाबदारी निश्चित व्हावी अशी लोकांची मागणी स्पष्टपणे नोंदवलेली होती. डिसेंबर २००३ मध्ये घटनेसाठी भरलेल्या लोया जिरगात मलालाई जोया या पंचविशीतल्या प्रतिनिधीने, ज्यांनी देश उद्ध्वस्त केला त्यांनाच समित्यांची प्रमुखपदे का दिली जातात, असे उभे राहून विचारले, तेव्हा सभागृहात गदारोळ झाला आणि तिला बाहेर काढण्याचा हुकूम सुटला. मे २००७ मध्ये तिचे खासदारपदही निलंबित झाले. समेट आणि न्याय यांची फारकत करू नका, असे सांगणारे आवाज केवळ स्त्रियांचे नव्हते, पण त्यांत स्त्रिया आघाडीवर होत्या, आणि त्यांना गप्प बसवणारे तालिबान नव्हते.

ऑगस्ट २०२० मध्ये याचीच पुनरावृत्ती झाली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले शेवटचे ४०० तालिबानी कैदी सोडावेत काय, हे ठरवण्यासाठी काबूलमध्ये लोया जिरगा भरली. खासदार बल्किस रोशन यांनी निषेधाचा फलक उंचावला, तेव्हा एका स्त्री सुरक्षा कर्मचाऱ्याने त्यांना धरून जमिनीवर आदळले. जिरगाने सुटकेला मान्यता दिली. त्याच आठवड्यात, १४ ऑगस्टला, काबूलजवळच्या रस्त्यावर फौजिया कूफी यांच्यावर गोळीबार झाला आणि त्यांच्या दंडाला जखम झाली. महिन्याभराने त्या प्लास्टरमधला हात घेऊन दोहाच्या बैठकीला गेल्या. पुढच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयातील दोन स्त्री न्यायाधीशांना कामावर जाताना काबूलच्या रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. देखावा म्हणून नेमलेल्या माणसांना आणि त्यांच्यासारख्या इतरांना ठार मारण्यासाठी कोणी एवढा खटाटोप करत नाही.

प्रत्यक्ष बोलण्यांतही काहीच घडले नाही, असे नव्हे. फेब्रुवारी २०१९ मध्ये मॉस्को येथे तालिबान आणि अफगाण राजकारणी यांची बैठक झाली, तेव्हा पुरुषांनी भरलेल्या दालनात कूफी आणि हवा आलम नूरिस्तानी यांनी तालिबानच्या प्रतिनिधींसमोर आपली बाजू मांडली. जुलै २०१९ मध्ये कतार आणि जर्मनी यांच्या पुढाकाराने दोहा येथे अफगाणांची आपापसांतील चर्चा झाली, तीत मात्र सुमारे साठ जणांमध्ये दहाहून जास्त स्त्रिया होत्या, आणि अखेरच्या संयुक्त निवेदनात राजकीय, सामाजिक, आर्थिक, शैक्षणिक आणि सांस्कृतिक बाबींतील स्त्रियांच्या हक्कांची हमी 'इस्लामी मूल्यांच्या चौकटीत' आली. या चौकटीची व्याख्या कोण करणार, हा प्रश्न मोकळा राहिला, आणि तेथेच खरी मेख होती. तालिबान त्या शब्दांवर राजी झाले ते त्यामुळेच. तरीही अमेरिकेबरोबरच्या करारात जो विषय पुढे आलाच नाही, तो अफगाण स्त्रिया हजर असलेल्या चर्चेच्या निवेदनात आला, एवढा फरक नाकारता येणार नाही.

मार्च २०२१ मध्ये मॉस्कोला पुन्हा बैठक झाली तेव्हा पथकात एकट्या हबीबा सराबी होत्या, आणि त्यांनी भर सभेत त्याविषयी नाराजी बोलून दाखवली. अकरा-बारावरून दोनच वर्षांत एकीवर येणे, हे आपल्या 'वाढला की आकुंचला' या प्रश्नाचे एक उत्तर आहे.

सदानंद

आतापर्यंतची चर्चा मॉस्को, दोहा आणि काबूल यांच्या पलीकडे गेलेली नाही, म्हणून खेड्यापाड्यांविषयी विचारलेल्या भागाला उत्तर देतो.

पश्तून भागातील तंटे प्रामुख्याने जिरगात, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या पंचसभेत, मिटवले जातात आणि जिरगात पुरुष बसतात. तरीही स्त्रीचे तेथे स्थान आहे, आणि ते दोन परस्परविरोधी प्रकारचे आहे. ननावाते या प्रथेत अपराधी घराने प्रतिपक्षाच्या दारी जाऊन क्षमा मागायची असते. अशा वेळी घरातील वयस्क स्त्री कुराण घेऊन पुढे गेली, तर तिला विन्मुख पाठवणे समोरच्या घराला फार जड जाते. लढणाऱ्या दोन पक्षांमध्ये स्त्रीने आपली ओढणी टाकली तर शस्त्रे खाली ठेवावी लागतात, असेही परंपरा सांगते. दुसरी प्रथा बाद या नावाची. खुनाच्या किंवा पळवापळवीच्या प्रकरणात अपराधी कुटुंबाने आपल्या घरची मुलगी, अनेकदा अगदी लहान, पीडित कुटुंबात द्यायची आणि वैर संपवायचे. गुन्हा करतो भाऊ किंवा चुलता. आणि ज्यांचा माणूस मारला गेला त्या घरात, वैऱ्याची मुलगी म्हणून, आयुष्य काढते ती. जिरगातील पुरुष एकमेकांना आलिंगन देतात, सोबत जेवतात आणि तंटा मिटल्याचे जाहीर होते. अफगाणिस्तानच्या १९७६ च्या दंडसंहितेत याला काही प्रमाणात शिक्षा होती आणि २००९ च्या स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्याने ती अधिक व्यापक केली. प्रत्यक्षात प्रथा चालूच राहिली. समेटाची किंमत म्हणून स्त्री देण्याची सवय ज्या व्यवस्थेला आहे, तिच्यात समेट घडवणारी म्हणून तिने बसण्याची मागणी करणे किती मूलगामी आहे, हे यावरून ध्यानात यावे. म्हणूनच फेब्रुवारी २०२० च्या कराराकडे पाहताना मला राहून राहून बादची आठवण होते. तुलना कठोर आहे, पण मी ती मागे घेणार नाही.

ग्रामीण स्त्रियांना शांतता हवी होती काय, यावर काबूलच्या कार्यकर्त्या आणि त्यांचे टीकाकार यांच्यात बराच वाद झाला. टीकाकारांचे म्हणणे असे, की हेलमंद किंवा कंदाहारच्या खेड्यातील स्त्रीला रात्रीचे छापे, हवाई हल्ले आणि रस्त्यातील सुरुंग थांबण्याची निकड होती. संसदेतील जागा तिच्या गावीही नव्हत्या. या म्हणण्यात तथ्य आहे. वीस वर्षांच्या युद्धाचा मोठा भार दक्षिण आणि पूर्वेकडील खेड्यांनी सोसला, आणि २००१ नंतर उघडलेल्या शाळा-कचेऱ्यांचा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचला तो नावापुरता. मात्र या तथ्यावरून ग्रामीण स्त्रीला कोणत्याही अटीवरची शांतता चालली असती, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी तिला विचारले होते काय?

विचारले गेले तेव्हाचे एक उदाहरण देतो. मार्च २०१८ मध्ये हेलमंदची राजधानी लश्करगाह येथे, कुस्त्यांच्या सामन्यासाठी जमलेल्या लोकांवर मैदानाबाहेर मोटारबॉम्बचा हल्ला झाला. त्यानंतर तरुणांनी तेथे तंबू ठोकून धरणे धरले आणि दोन्ही पक्षांकडे शस्त्रसंधीची मागणी केली. हेलमंदसारख्या प्रांतात, जेथे बाई बाजारातही क्वचितच दिसते, तेथे बुरखा घेतलेल्या स्त्रिया, ज्यांत मुलगे गमावलेल्या आया होत्या, येऊन धरण्याला बसल्या. पुढे याच चळवळीतील पुरुष पायी काबूलपर्यंत चालत गेले आणि जगाने त्यांची दखल घेतली. बसलेल्या स्त्रिया विस्मरणात गेल्या. त्यांची मागणी सरकार आणि तालिबान दोघांनाही उद्देशून होती, हे महत्त्वाचे आहे. २८ फेब्रुवारी २०१९ रोजी काबूलच्या लोया जिरगा मंडपात सर्व ३४ प्रांतांतून आलेल्या हजारो स्त्रियांचा मेळावा झाला. त्यापूर्वी प्रांताप्रांतांत बैठका घेऊन सुमारे १५,००० स्त्रियांची मते गोळा केली होती. तत्काळ शस्त्रसंधी हवी आणि आमच्या हक्कांचा बळी देऊन ती नको, या दोन्ही मागण्या तेथून एकत्रच पुढे आल्या. त्यांच्यापैकी एक शहरी आणि दुसरी ग्रामीण, अशी वाटणी करण्याची घाई अभ्यासकांना झालेली असते.

प्रांतिक शांतता समित्यांतही काही स्त्रिया नेमल्या होत्या. त्यांच्याकडून मुख्यतः अपेक्षा असे ती लढणाऱ्यांच्या आयांना आणि बायकांना गाठून त्यांच्यामार्फत मुलांना घरी परत आणण्याची. परक्या पुरुषाला ज्या घराच्या उंबऱ्याआत पाऊल टाकता येत नाही, तेथे हे काम स्त्रीच करू शकते. परंतु अशा कामाचे श्रेय, एखादा लढवय्या शस्त्र टाकून परतला की, समितीच्या अध्यक्षाला मिळे.

अनघा

सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांची आभारी आहे. सदानंद यांचा शेवटचा परिच्छेद वाचून पुढचा प्रश्न सुचतो. आजच्या सत्ताधाऱ्यांनी स्त्रियांना सार्वजनिक जीवनातून जवळजवळ हद्दपार केल्यानंतर 'सहभाग' म्हणजे काय उरतो? संयुक्त राष्ट्रांनी २०२४ मध्ये दोहा येथे तालिबानबरोबर जी बैठक घेतली, तीत स्त्रियांना स्थान दिले नाही. अशी बैठक घेणे ही अपरिहार्य तडजोड होती, की चुकीचा पायंडा?

निशिकांत

पायंडा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तडजोड करणाऱ्यांची बाजूही मांडली पाहिजे.

तालिबानची भूमिका प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकू या. २०२२ च्या जूनअखेरीस काबूलमध्ये हजारो धर्मगुरू आणि वडीलधाऱ्यांचा मेळावा भरला, तीत स्त्रियांना निमंत्रण नव्हते. त्याविषयी विचारले असता उपपंतप्रधान अब्दुल सलाम हनफी यांनी सांगितले, की त्यांचे मुलगे उपस्थित राहतील, म्हणजे त्याही सहभागी झाल्याच. हे उत्तर उपहासाने उडवून लावणे सोपे आहे, परंतु यात एक सुसंगत सिद्धान्त आहे. घराचे प्रतिनिधित्व पुरुष करतो, म्हणून स्त्रीला वेगळे मत असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. या सिद्धान्ताशी तडजोड करता येत नाही. एकतर तो मान्य करावा लागतो किंवा नाकारावा लागतो.

संयुक्त राष्ट्रांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतलेल्या दुसऱ्या दोहा बैठकीला नागरी संघटनांचे प्रतिनिधी, त्यांत स्त्रियाही, बोलावले होते. तालिबानने अटी घातल्या आणि ते आले नाहीत. ३० जून आणि १ जुलै २०२४ रोजी झालेल्या तिसऱ्या बैठकीला ते आले, प्रवक्ते झबिहुल्ला मुजाहिद यांच्या नेतृत्वाखाली, कारण या वेळी मुख्य बैठकीतून अफगाण स्त्रिया आणि नागरी संघटना वगळल्या होत्या आणि विषय ठेवले होते खासगी उद्योग आणि अमली पदार्थांचे नियंत्रण. दुसऱ्या दिवशी, २ जुलैला, नागरी प्रतिनिधींना वेगळे भेटण्यात आले. काही स्त्रियांनी हे निमंत्रण नाकारले. बैठकीच्या अध्यक्षा रोझमेरी डिकार्लो यांचे म्हणणे असे, की स्त्रियांचा विषय आम्ही चर्चेत उपस्थित केला आणि संपर्क तोडून काही साधणार नाही. बँकव्यवहार ठप्प झालेल्या, उपासमारीच्या छायेतील देशाशी बोलणे थांबवण्याचा भार पुन्हा तेथील स्त्रियांवरच पडतो, हा युक्तिवादही हलका नाही. पण ज्या संघटनेच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी ठराव १३२५ संमत करून शांतता प्रक्रियेत स्त्रियांचा सहभाग हवा असे जगाला सांगितले, तिनेच बैठकीला कोण यावे हे ठरवण्याचा अधिकार एका पक्षाला बहाल केला. फेब्रुवारीत नकार दिला आणि जूनमध्ये हवे ते मिळाले, हा धडा तालिबानने घेतला असणार. वाटाघाटींत नकाराचा मोबदला दिला, की पुढचा नकार अधिक महाग होतो.

मृण्मयी

अपरिहार्य की पायंडा, या प्रश्नावर अफगाण स्त्रियांतच एकमत नाही, हे येथे नोंदवणे भाग आहे, नाहीतर आपण बाहेरून त्यांच्या वतीने निकाल देऊन मोकळे होऊ.

जानेवारी २०२२ मध्ये नॉर्वेने तालिबानचे शिष्टमंडळ आणि अफगाण नागरी प्रतिनिधींना ओस्लो येथे एकत्र आणले. स्त्री शिष्टमंडळातील हुदा खमोश यांनी तालिबानचे परराष्ट्रमंत्री समोर असताना, काबूलमधून नुकत्याच पकडून नेलेल्या आंदोलक तरुणींची छायाचित्रे उंचावली आणि त्यांना सोडा असे सांगितले. त्याच चर्चेला काबूलहून गेलेल्या महबूबा सराज होत्या, ज्यांनी सत्तांतरानंतर देश सोडण्यास नकार दिला आणि स्त्रियांच्या आसऱ्याचे काम चालू ठेवले. तालिबानशी बोलत राहिले पाहिजे, कारण आम्हांला येथेच त्यांच्याबरोबर राहायचे आहे, अशी त्यांची भूमिका आहे, आणि तिच्यासाठी निर्वासित कार्यकर्त्यांकडून त्यांना बोल लावला गेला. दुसऱ्या बाजूला सप्टेंबर २०२४ मध्ये अल्बानियातील तिराना येथे फौजिया कूफी यांच्या पुढाकाराने शंभराहून अधिक अफगाण स्त्रियांची परिषद झाली. जो देशाबाहेर आहे त्याला मोकळेपणाने बोलता येते, पण देशातील घरात काय चालले आहे हे त्याला ऐकून कळते. जो देशात आहे त्याला सर्व दिसते, पण प्रत्येक वाक्य तोलूनमापून उच्चारावे लागते.

अशा स्थितीत काही कार्यकर्त्यांनी वाटाघाटींचा रस्ता सोडून न्यायालयाचा धरला आहे. 'लिंगाधारित वर्णभेद' हा आंतरराष्ट्रीय कायद्यात गुन्हा मानला जावा, अशी त्यांची मोहीम चालू आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ८ जुलै २०२५ रोजी स्त्रिया आणि मुलींच्या छळाच्या आरोपावरून तालिबानचे सर्वोच्च नेते हैबतुल्ला अखुंदजादा आणि सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्या अटकेची वॉरंटे काढली. यामुळे बोलण्यांची दारे बंद होतील असे काहीजण म्हणतात. परंतु २००७ च्या माफीच्या कायद्याला ज्यांनी विरोध केला होता, त्यांची मागणी हीच होती, की ज्यांच्याशी समेट करायचा त्यांच्या गुन्ह्यांचा हिशेब आधी मांडला जावा.